‘स्टेअर्स घरात, स्टेप्स बाहेर’ हा नियम खरा नाही

घरातल्या पायऱ्या म्हणजे ‘स्टेअर्स’, बाहेरच्या म्हणजे ‘स्टेप्स’, असे पुण्यातील इंग्रजीच्या शिकवण्यांत अजूनही ठामपणे सांगितले जाते. यात तथ्य आहे ते इतकेच, की मजले जोडणाऱ्या जिन्याला बहुधा ‘स्टेअर्स’ म्हणतात आणि दारासमोरच्या दोन-चार पायऱ्यांना ‘स्टेप्स’. पण हा वापराचा कल आहे, नियम नव्हे. लंडनमध्ये थेम्स नदीत उतरणाऱ्या, पूर्णपणे उघड्यावरच्या पायऱ्यांना शतकानुशतके ‘स्टेअर्स’ म्हणत आले आहेत, ‘वॉपिंग ओल्ड स्टेअर्स’ हे त्यांपैकीच एक ठिकाण. आणि १८४१ साली पूर्ण झालेल्या, ओडेसा बंदराकडे उतरणाऱ्या १९२ पायऱ्यांनाही इंग्रजीत ‘पोटेमकिन स्टेअर्स’ म्हणतात. रोममधील तशाच उघड्या पायऱ्या मात्र ‘स्पॅनिश स्टेप्स’. तेव्हा पर्वतीच्या पायऱ्यांसाठी ‘स्टेप्स’ अधिक स्वाभाविक असला, तरी ‘स्टेअर्स’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापणे अन्यायाचे आहे. या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘चढणे’ या अर्थाच्या धातूशी जोडलेले आहे. छपराचा त्यात संबंधच नाही.

‘स्टेअर’ हे एकवचन चुकीचे आहे, ही समजूतही निराधार आहे. ते एका पायरीसाठी चालते, आणि वास्तुविशारद अख्ख्या जिन्यालाही ‘स्टेअर’ म्हणतात.

खरी चूक वेगळीच आहे आणि ती आपल्याकडे सर्रास होते: वर जाण्याविषयी लिहिताना ‘अपस्टेअर्स’च्या आधी ‘टू’ लावला जातो. ‘अपस्टेअर्स’ हे तिथे क्रियाविशेषण असल्यामुळे ‘गो अपस्टेअर्स’ एवढेच लिहावे.