ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलाचा हात नको

2021 च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या इमारतीतल्या काकांसाठी घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला होता. रेग्युलेटरचा नट काही केल्या आट्यांवर बसेना. काकू स्वयंपाकघरातून वाटीत खोबरेल घेऊन आल्या. "थेंबभर सोड रे, सरसर बसेल." इतका वेळ मुकाट्याने पान्याशी झटणारा सिलिंडरवाला मुलगा एकदम ओरडला, "काकू, तेल मागे न्या!" मग त्याने रेग्युलेटरच्या तबकडीवर बोट ठेवलं. दाबाच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं: यूज नो ऑइल.

काकूंचं तरी काय चुकलं? शिवणयंत्रापासून दाराच्या बिजागरीपर्यंत अडलेल्या प्रत्येक वस्तूला आपण तेलच घालतो. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र तेच तेल घात करतं. कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळतो. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. खोलीतलं प्रमाण नुसतं 24 टक्क्यांवर गेलं तरी आग लवकर लागते आणि जास्त भडकते. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे गळती कळतही नाही. त्याच एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. तेव्हा दिसलेला पांढरा ढग हवेतल्या बाष्पाचा होता. अतिथंड ऑक्सिजनमुळे ते गोठलं होतं. सिलिंडरमधला वायू सुटला तर एवढीही खूण मिळत नाही. गळक्या सिलिंडरशेजारी बसलेल्या माणसाच्या कपड्यांत तो मुरतो आणि बाहेर आल्यावरही काही काळ रेंगाळतो. अशा वेळी विडी पेटवली तर आधी सदरा पेटतो.

पण नुसत्या तेलाला आग लागेल कशी? ठिणगी कुठून येते? इथे मला अतिशय आवडणारं भौतिकशास्त्र येतं. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचा तळ गरम होतो. वायू दाबायला लागलेलं काम उष्णतेच्या रूपाने त्याच्यातच जमा होतं. सावकाश दाबलं तर ती उष्णता धातूत निघून जाते, झटक्यात दाबलं तर तिला निघायला वेळच मिळत नाही. आता भरलेला सिलिंडर बघा. आत वातावरणाच्या सुमारे 150 पट दाब. रेग्युलेटरच्या अरुंद नळीत साधी हवा बसलेली, पुढचं टोक बंद. कुणी चावी झटक्यात फिरवली की आतला वायू त्या हवेवर तुटून पडतो आणि क्षणाच्या अंशात ती मूळ आकारमानाच्या सुमारे 36 व्या हिश्शात चेपली जाते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा साधारण 16 ते 20 व्या हिश्शात दाबली की डिझेल आपोआप पेटतं. इथे त्याच्या दुप्पट!

गणित करू. केल्व्हिनमधलं सुरुवातीचं तापमान गुणिले दाबाच्या गुणोत्तराचा 0.286 वा घात. 300 केल्व्हिन, म्हणजे 27 अंश सेल्सिअस, घेतले आणि गुणोत्तर 150 धरलं तर उत्तर येतं सुमारे 1,255 केल्व्हिन, म्हणजे 980 अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात काही उष्णता नळीच्या भिंतीत जाते, त्यामुळे एवढं तापमान गाठलं जात नाही. पण तेलाचा ओशट थर, धुळीचा तंतू किंवा प्लास्टिकचा वॉशर पेटवायला त्याहून कितीतरी कमी पुरतं. एकूण उष्णता अगदी थोडी असते, म्हणून स्वच्छ पितळेला काही होत नाही. तेल असेल तर ते काडेपेटीच्या काडीचं काम करतं. तेल वॉशरला पेटवतं आणि वॉशर धातूला.

हो, धातूला. भंगारवाल्याकडे किंवा मुंबईत जहाजं मोडतात त्या दारूखाना भागात जहाजाचे पत्रे गॅसने कापताना बघा. आधी ज्योतीने लोखंड लाल करतात, मग वर ऑक्सिजनचा झोत सोडतात. त्यापुढे लोखंड स्वतःच जळत जातं. ॲल्युमिनियम तर त्याहून जहाल. अमेरिकेत ॲल्युमिनियमचे रेग्युलेटर पेटून लोक भाजले, तेव्हा 1999 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पितळी रेग्युलेटर वापरण्याचा सल्ला दिला.

त्याच दिवसांत कापूर, लवंग, ओवा यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा संदेश घरोघरी फिरत होता. तो निखालस खोटा होता, आणि धोकादायकही. कापराची वाफ ज्वालाग्राही असते. ती ऑक्सिजनच्या मास्कजवळ नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. ओठ कोरडे पडले म्हणून रुग्णाला व्हॅसलीन लावणंही टाळायला हवं, पाण्यात मिसळणारं मलम चालतं. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेपही आट्यांवर नको. आटे बसत नसतील तर रेग्युलेटर बदलून घ्यायचा.

त्या मुलाने तेच केलं. दुसरा रेग्युलेटर मागवला, तोवर साबणाने हात धुतले आणि स्वच्छ फडक्याने कोरडे केले. सिलिंडर भिंतीला टेकवून दोरीने बांधला. तोंड मोकळ्या बाजूला वळवून चावी किंचित उघडली, फुस्स आवाज झाला, लगेच बंद केली. काकूंना वाटलं, वायू वाया घालवला. तोंडाशी बसलेली धूळ त्या झोताने उडाली होती. नट बोटांनीच बसला, पाना शेवटच्या अर्ध्या वळणापुरताच लागला. मग तो तबकडीसमोरून बाजूला झाला आणि अगदी हळू, जणू घड्याळाची चावी देतोय असा, व्हॉल्व्ह उघडत गेला. काटा सावकाश वर चढला. काकूंनी तोवर देवघरातलं निरांजन बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवलं होतं.