टायरची निगा (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या टायरमधील हवा, नक्षीची खोली, झीज आणि वय यांवर चालकाने नियमित लक्ष ठेवणे व त्यानुसार वेळोवेळी दुरुस्ती करून घेणे म्हणजे टायरची निगा. चालत्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागातून. ब्रेक आणि वळण यांची सारी भिस्त त्यावर असते. तरीही सर्व्हिसिंगची तारीख तोंडपाठ असलेले मालक, गाडी एका बाजूला ओढू लागेपर्यंत टायरकडे पाहत नाहीत. या निगेत पहिला मान हवेचा, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारी तिच्यापासूनच सुरू होतात.

हवेचा दाब भारतात पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड या मापात सांगतात. लहान व मध्यम गाड्यांसाठी तो साधारण ३० ते ३६ असतो. नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या स्टिकरवर मिळतो. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर बहुधा मागच्या चाकांना जास्त हवा सांगितलेली असते. टायरच्या बाजूवर उमटवलेला ४४ किंवा ५१ हा आकडा कमाल मर्यादा दाखवतो, तेवढी हवा भरायची नसते. पंपावर ‘किती टाकू?’ असे विचारल्यावर ‘टाका तीस-पस्तीस’ म्हणण्यापेक्षा स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलेला बरा. दाब मोजायचा तो थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली असताना. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपते, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी ती तपासावी. लाथ मारून अंदाज घेण्यात अर्थ नाही. आजच्या मोटारींचा रेडियल टायर खालच्या बाजूला थोडा फुगलेला दिसतोच. २५ आणि ३२ मधला फरक नजरेला कळत नाही. हवा भरून झाल्यावर पंपावरचा मुलगा व्हॉल्ववर ओले बोट टेकवतो. तिथे बुडबुडा आला तर आतली पिन गळते आहे असे समजावे. ती बदलायला फार वेळ वा पैसा लागत नाही.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, हा समज घरोघरी आहे आणि तो घातक आहे. सकाळी २५ अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलेला टायर चालून चालून आतून ५० अंशांपर्यंत तापला, तरी दाब ३६ च्या आसपास जातो. ही वाढ कंपनीने आकडा ठरवताना धरलेली असते. उलट हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात. ताशी १०० किलोमीटर वेगाला छोट्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यातली ती वाकवाक रबर तापवत राहते, शेवटी रबर आणि पोलादी तारांचे थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणून वाटेत थांबल्यावर गरम टायरची हवा ‘वाढली’ म्हणून सोडू नये.

७०१ किलोमीटरच्या नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाने हा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आणला. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची मोठी चर्चा झाली. आरटीओच्या पथकांनी टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. बोल मात्र बहुतेकांनी रस्त्याच्या काँक्रीटला लावला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि न थांबता तासन्‌तास एकाच वेगाने जाता येते. गावातल्या गावात २६ पीएसआयवर वर्षभर निभावलेला टायर तिथे विदर्भातल्या मे महिन्यात निभावेल याची खात्री नाही.

नायट्रोजन भरण्याचा आग्रह अनेक दुकानांत होतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. निव्वळ नायट्रोजन भरल्याने झिरपण्याचा वेग थोडा कमी होतो, पण त्या भरवशावर दाब तपासणे सोडले तर तोटाच.

नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. भारतात कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर लागते. नक्षीच्या चरांत त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बाद. मात्र ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम हे चर करतात. त्यामुळे पावसाळ्यात घाटातून जा-ये करणाऱ्याने तीन मिलिमीटरलाच टायर बदलायचा विचार करावा. तेवढे झिजलेले टायर ‘अजून चालतील’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

झीज कुठे झाली यावरून कारण कळते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली. ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे, करून घ्यावे. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर आपसांत अदलाबदल करून घेतात. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि नवख्या हाताला सावरत नाही.

ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये खिळा घुसलेला दिसला तर लगेच उपसू नये, हवा तपासून दुकान गाठावे. भोक नक्षीच्या भागात असेल तर पंक्चर निघते, बाजूच्या भिंतीत असेल तर टायरच बदलावा लागतो. खड्ड्यात आदळून बाजूला टेंगूळ आले असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि त्यावर इलाज नाही.

टायरचे वय बाजूवरच्या चार आकड्यांतून कळते: ३४२२ म्हणजे २०२२ सालचा ३४ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. कमी चाललेल्या, सतत उन्हात उभ्या असलेल्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात.

स्टेपनीचे वय चढत असते, हवाही झिरपत असते, आणि ती तपासायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. अरुंद स्टेपनी असेल तर ती ताशी ८० च्या आत आणि पुढच्या दुकानापर्यंतच वापरावी. २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या मोटारींना स्टेपनी ठेवण्याच्या सक्तीतून सूट आहे. अशी गाडी घेताना किट वापरायचे कसे ते विक्रेत्याकडून समजून घ्यावे.