बर्फावर नसलेल्या दोघांचा हिशेब

एप्रिल २०२३ मध्ये मिनेसोटा वाइल्ड आणि डॅलस स्टार्स या अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या संघांची प्लेऑफ मालिका झाली. डॅलसने ती ४-२ अशी जिंकली. डॅलसच्या बचावफळीत रायन सूटर खेळत होता. त्याचा पगार डॅलस देत होतं, पण त्याच मोसमात मिनेसोटाच्या हिशेबातही त्याच्या नावावर सुमारे ६३.७ लाख डॉलर मांडलेले होते. झॅक पारीझे या दुसऱ्या खेळाडूच्या नावावर तेवढेच. तोही तेव्हा दुसऱ्याच संघाकडून खेळत होता. म्हणजे मिनेसोटा ज्याच्याविरुद्ध झगडत होतं, त्याच्याच नावाची जागा त्यांच्या स्वतःच्या वहीत अडकलेली होती.

असं का झालं, हे उलगडायचं तर थोडं गणित करावं लागतं. त्यातून व्यावसायिक हॉकीतल्या करारांची सगळी रीत कळते.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं टर्फ डोळ्यांसमोर येतं. ही हॉकी बर्फावरची आहे. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही ३२ संघांची स्पर्धा. त्यातले सात संघ कॅनडातले, बाकीचे अमेरिकेतले. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या भांडणात बुडाला. मालकांनी टाळेबंदी केली आणि एकही सामना झाला नाही. स्टॅन्ली कप हा मानाचा करंडक त्या वर्षी कोणालाच मिळाला नाही. तसं त्याआधी फक्त १९१९ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत अंतिम फेरी अर्धवट सोडावी लागली तेव्हा घडलं होतं. भांडण मिटलं ते एका नव्या नियमावर: कुठल्याही संघाचा वर्षाचा पगारखर्च ठरलेल्या आकड्यापलीकडे जायचा नाही. हीच सॅलरी कॅप. २००५-०६ मध्ये ती ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ९.५५ कोटी आहे.

हा आकडा येतो लीगच्या उत्पन्नातून. तिकिटं, प्रक्षेपणाचे हक्क, जाहिराती असं हॉकीतून आलेलं उत्पन्न मालक आणि खेळाडूंनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं, हा २०१३ पासूनचा करार आहे. आता उत्पन्न नेमकं किती होईल हे मोसमाआधी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या पगारातला काही भाग बाजूला राखून ठेवतात. खेळाडूंचा एकूण वाटा निम्म्याच्या वर गेला तर त्या राखीव रकमेतून मालकांना परतफेड होते, नाही गेला तर पैसे खेळाडूंना परत मिळतात. याला एस्क्रो म्हणतात. कोट्यवधींचा करार केलेल्या खेळाडूच्या हातात करारावरचा पूर्ण आकडा का पडत नाही, त्याचं एक कारण हे.

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी ती १२० कोटी रुपयांची होती. पण तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी जवळजवळ कोरी होते. एनएचएलमध्ये पाटी कधीच कोरी होत नाही. तिथले करार सात-आठ वर्षांपर्यंतचे असू शकतात. गणितात झोळीचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे: ठरावीक वजन पेलणाऱ्या झोळीत कुठल्या वस्तू भरल्या तर सर्वांत जास्त मोल मिळेल? हॉकीच्या जनरल मॅनेजरपुढचा, म्हणजे संघ बांधणाऱ्यापुढचा, प्रश्न हाच, पण त्याच्या वस्तूंचं मोल दरवर्षी बदलतं, झोळीचा आकारही बदलतो, आणि एकदा आत टाकलेली वस्तू सहजी बाहेर काढता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. कॅपमध्ये मोजला जातो तो त्या वर्षी दिलेला पगार नव्हे, तर संपूर्ण कराराची वार्षिक सरासरी. म्हणजे प्रत्येक संघाच्या दोन वह्या असतात. एका वहीत मालकाच्या खिशातून गेलेले खरे पैसे, दुसरीत कॅपमधून गेलेली जागा. या दोन वह्यांमधल्या फरकातच मॅनेजर लोकांनी वीस वर्षं डोकं चालवलं आहे.

सुरुवातीच्या काळात त्यांना एक फट सापडली. करार खूप लांबवायचा, पैसे पहिल्या काही वर्षांत द्यायचे आणि शेवटची वर्षं नाममात्र पगाराची ठेवायची. सरासरी आपोआप खाली येते. खेळाडू चाळिशीपर्यंत खेळणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. तो निवृत्त झाला की उरलेली वर्षं हिशेबातून पुसली जातात. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचा, १०.२ कोटी डॉलरचा करार केला. तिसऱ्या वर्षापासून पाच वर्षं प्रत्येकी १.१५ कोटी, आणि शेवटची पाच वर्षं प्रत्येकी फक्त ५.५ लाख. कॅपमध्ये मात्र दरसाल ६० लाख. करार संपताना कोवालचुक ४४ वर्षांचा झाला असता. लीगने हा करार नाकारला, प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगच्या बाजूने निकाल दिला. नंतर १५ वर्षांचा, १० कोटींचा सुधारित करार मान्य झाला. २०१३ मध्ये कोवालचुक एनएचएलमधून निवृत्त होऊन रशियात खेळायला निघून गेला.

पारीझे आणि सूटर यांचे करार याच काळातले. ४ जुलै २०१२ रोजी मिनेसोटाने दोघांशी तंतोतंत सारखे करार केले: १३ वर्षं, ९.८ कोटी डॉलर. दोघेही २७ वर्षांचे होते. पारीझे तर मिनियापोलिसचाच, त्यामुळे मिनेसोटात आनंदाला उधाण आलं. सरासरी निघाली दरसाल ७५.४ लाख. त्याच शरद ऋतूत पुन्हा टाळेबंदी झाली आणि जानेवारी २०१३ मधल्या नव्या करारनाम्याने ही फट बुजवली. आपल्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं, बाहेरच्याला सात. शिवाय जुन्या लांब करारातला खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला, तर संघाने आधी वाचवलेली कॅपची जागा दंड म्हणून पुढे भरून द्यायची. म्हणजे मिनेसोटाच्या डोक्यावर आता तलवार टांगलेली होती.

२०२१ मध्ये मॅनेजर बिल गेरिन यांनी दोघांचेही करार एकाच दिवशी मोडले. याला बायआउट म्हणतात. त्याचा नियम असा: खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराच्या दोनतृतीयांश रक्कम, उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात वाटून द्यायची. प्रत्येकाची चार वर्षं उरली होती आणि पगार होते ६० लाख, २० लाख, १० लाख, १० लाख. बेरीज एक कोटी. तिचे दोनतृतीयांश म्हणजे ६६.७ लाख, आठ वर्षांत वाटले तर दरसाल ८.३३ लाख. मालकाच्या वहीत हा सौदा स्वस्तच पडला.

दुसरी वही मात्र वेगळं बोलते. कॅपमधला भार काढताना मूळ सरासरीतून त्या वर्षी वाचलेला पगार वजा करतात. पहिल्या वर्षी पगार ६० लाख असणार होता, दिले ८.३३ लाख, म्हणजे वाचले ५१.७ लाख. ७५.४ मधून ते गेले की उरतात २३.७ लाख. दुसऱ्या वर्षी पगारच २० लाख, म्हणून वाचले फक्त ११.७ आणि भार ६३.७ लाखांवर गेला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पगार १० लाख, वाचले जेमतेम १.७, भार ७३.७ लाख. दोघांचा मिळून १.४७ कोटी. २०२३-२४ मध्ये कॅप ८.३५ कोटी होती. त्यातला सहाव्या हिश्शाहून मोठा भाग बर्फावर नसलेल्या दोन माणसांनी व्यापला होता. २०१२ मध्ये पुढे ओढून घेतलेले पैसे अकरा वर्षांनी असे वसूल झाले.

मला हा सूत्राचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. कॅप ही पैशांची मर्यादा आहे असं आपण म्हणतो, पण श्रीमंत मालकाला पैशांची फारशी चणचण नसते. त्याला कमी पडते ती जागा, आणि ती जागा दर वर्षाची वेगळी असते. करारातली प्रत्येक युक्ती म्हणजे पुढच्या एखाद्या वर्षाची जागा आज वापरणं.

मग मॅनेजर इतके लांब करार करतातच का? याचं एक कारण शरीरात आहे. बर्फावरच्या हॉकीत वेग आणि झटपट दिशा बदलणं फार लागतं. आघाडीफळीतल्या खेळाडूंची गोल करण्याची ताकद साधारण पंचविशीच्या आसपास कळसाला असते, तिशीनंतर ती ओसरू लागते. खेळाडू कुठल्याही संघाशी मोकळेपणी बोलणी करू शकतो तो बहुधा २७ व्या वर्षी किंवा सात मोसम खेळल्यावर. म्हणजे बाजारात तो येतो तेव्हा त्याची सर्वोत्तम वर्षं बऱ्याचदा मागे पडलेली असतात. त्याची किंमत मात्र त्याच वर्षांवरून ठरते.

हा वयाचा आलेख काढतानाही एक चकवा आहे. ३६ व्या वर्षी खेळणाऱ्यांची सरासरी काढली तर ती छान दिसते, कारण जे घसरले ते तोवर घरी गेलेले असतात. उरतात ते फक्त असामान्य. म्हणून संशोधक वेगवेगळ्या वयाच्या खेळाडूंची तुलना न करता एकाच खेळाडूची या वर्षाची कामगिरी मागच्या वर्षाशी ताडून पाहतात आणि असे हजारो फरक जोडून आलेख तयार करतात. मग उतार खरा तेवढा तीव्र दिसतो.

दुसरं कारण लिलावाच्या शास्त्रातलं. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकी तेल-अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींचा अभ्यास केला. प्रत्येक कंपनी क्षेत्रात किती तेल आहे याचा अंदाज बांधते. काहींचा अंदाज कमी निघतो, काहींचा जास्त. जिंकते ती सर्वांत मोठा अंदाज बांधणारी, म्हणजे बहुधा सर्वांत जास्त चुकलेली. याला विजेत्याचा शाप म्हणतात. १ जुलैला हॉकीचा खुला बाजार उघडतो तेव्हा दहा संघ एकाच खेळाडूच्या पुढच्या सात वर्षांचा अंदाज बांधत असतात. तो मिळतो सर्वांत आशावादी संघाला.

कॅप वाढत राहिली तर चूक पचते. कॉनर मॅकडेव्हिडने २०१७ मध्ये दरसाल १.२५ कोटींचा करार केला, तेव्हा कॅप ७.५ कोटी होती आणि त्याचा वाटा १६.७ टक्के. तीच रक्कम २०२५-२६ च्या कॅपमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास येते. टोरांटो मेपल लीफ्सने याच भरवशावर चार तारे घेतले: टावारेस, मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर. चौघांचे मिळून सुमारे ४.०५ कोटी. कॅप वर्षागणिक वाढेल आणि हा भार हलका होईल असा हिशेब होता. मग कोविड आला, प्रेक्षागृहं रिकामी पडली आणि कॅप ८.१५ कोटींवर तीन मोसम गोठली. निम्मी जागा चौघांत गेली आणि उरलेल्या निम्म्यात १९ जणांचा संघ बसवावा लागला. मला हा निव्वळ मूर्खपणा वाटत नाही. अंदाज बरा होता, साथ कोणाच्या आलेखात नव्हती.

कॅपला तळही असतो. त्याखाली खर्च नेता येत नाही. त्यामुळे गरीब संघांना जागा भरायला हवी असते, पण पैसे द्यायचे नसतात. ख्रिस प्रोंगर दुखापतीमुळे २०११ नंतर खेळलाच नव्हता आणि लीगच्याच खेळाडू-सुरक्षा विभागात काम करत होता. जून २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याचा करार अ‍ॅरिझोनाला दिला. कॅपमध्ये सुमारे ४९ लाख, खरा पगार ५.७५ लाख. अ‍ॅरिझोनाला तेच हवं होतं. दोनच दिवसांनी प्रोंगरची हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड जाहीर झाली.

दुखापतीच्या नियमाचीही अशीच गोष्ट. खेळाडू दीर्घकाळ जखमी असेल तर त्याच्याइतकी जादा जागा संघाला वापरता येते. टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ च्या साखळी मोसमाला पूर्ण मुकला. त्याचे ९५ लाख इतरांवर खर्च झाले. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात तो परतला आणि ३२ गुणांसह (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) प्लेऑफमध्ये सर्वांच्या पुढे राहिला. टँपाने करंडक जिंकला. प्लेऑफमध्ये तेव्हा कॅप लागूच नव्हती, म्हणून नियमभंग झाला नाही. पण हरलेल्या संघांचा सल मला समजतो. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या सामन्यात उतरणाऱ्या चमूलाही कॅप लावली आहे, हे योग्यच झालं.

मिनेसोटाचा भार २०२५-२६ मध्ये १.४७ कोटींवरून १६.७ लाखांवर उतरला. त्याच शरद ऋतूत त्यांनी किरिल काप्रिझोव्हशी आठ वर्षांचा, १३.६ कोटी डॉलरचा करार केला. दरसाल १.७ कोटी, लीगच्या इतिहासातला सर्वांत महाग. तो २०२६-२७ पासून लागू होईल. तेव्हाची कॅप १०.४ कोटी जाहीर झाली आहे, म्हणजे वाटा १६.३ टक्के. करार सुरू होताना काप्रिझोव्ह २९ वर्षांचा असेल, संपताना ३७. त्यातली पहिली तीन वर्षं, २०२८-२९ पर्यंत, मिनेसोटाच्या वहीत त्याच्या नावाखाली पारीझे आणि सूटर यांचे प्रत्येकी ८.३३ लाख मांडलेले असतील.