मोठे कुत्रे घराला रुळते कसे?

कुत्रे पाळायचे तर पिल्लूच आणावे, मोठे झालेले कुत्रे नव्या माणसाला कधी लळा लावत नाही, असे ठामपणे सांगणारी माणसे पावलोपावली भेटतात. या समजुतीपायी निवाऱ्यांमधली चार-पाच वर्षांची धडधाकट कुत्री मागे राहतात, म्हणून तिचा मुळापासून विचार करायला हवा.

समजुतीला थोडा आधार आहे, हे आधी मान्य करू. जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू ओळखीचे काय आणि परके काय हे ठरवत असतो. या काळात माणसाचा सहवासच न मिळालेले पिल्लू पुढे माणसाला बिचकते. परंतु हा काळ माणूस नावाच्या प्राण्याची ओळख होण्याचा आहे, एखाद्या विशिष्ट माणसाशी नाते जुळण्याचा नव्हे. बुडापेस्टमधील मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवाऱ्यातील प्रौढ कुत्र्यांबरोबर एका अनोळखी व्यक्तीने तीन वेळा, दर खेपेस अवघी दहा मिनिटे घालवली. नंतर लहान मुलांची आईशी असलेली जवळीक तपासणाऱ्या चाचणीच्या धर्तीवर या कुत्र्यांना अनोळखी खोलीत पारखले, तेव्हा अर्ध्या तासाच्या ओळखीची ती व्यक्ती आणि पूर्ण परकी व्यक्ती यांच्याशी ती स्पष्टपणे वेगळी वागली.

मग घरी आणलेले मोठे कुत्रे सुरुवातीला अंग चोरून का बसते? आमच्याकडे आलेली पाच वर्षांची कुत्री पहिले दोन दिवस टेबलाखालून हलली नाही. झोप आलेली नसताना ती जांभया देई, जीभ सारखी नाकावरून फिरवी, आणि तिचे खाण्याचे भांडे रिकामे होई ते घरातले दिवे मालवल्यावरच. तिच्यात मायेची कमतरता नव्हती. तिच्या शरीरात कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचा अंमल चालू होता, आणि हा अंमल कसा चढतो व उतरतो हे मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते.

धोक्याची वर्दी मिळताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक खालच्या पीयूषिका ग्रंथीकडे धाडतो. पीयूषिका एसीटीएच हे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते, ते मूत्रपिंडांलगतच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते, आणि त्या ग्रंथींच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल स्रवू लागते. रक्तातील साखर वाढवणारे हे कॉर्टिसॉल फिरून मेंदूतही जाते आणि ज्यांनी त्याला बोलावले त्या हायपोथॅलॅमसला आणि पीयूषिकेलाच थांबण्याचा निरोप देते. हा निरोप घेणारे ग्राही, म्हणजे संप्रेरक ज्यांना चिकटते ती पेशींमधील प्रथिने, दोन प्रकारचे असतात. मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहींना कॉर्टिसॉल सुमारे दहापट घट्ट चिकटते, त्यामुळे ते निवांत वेळीही बहुतांश भरलेले असतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही मात्र पातळी चढली तरच भरतात, आणि ब्रेक लागतो तो मुख्यतः त्यांच्यामार्फत. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की तणाव फार काळ टिकला तर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागातील हे ग्राही कमी होतात, म्हणजे ज्या ब्रेकची सर्वाधिक गरज आहे तोच ढिला पडतो. अमेरिकेतील एका निवाऱ्यात १९९७ च्या अभ्यासात पहिल्या तीन दिवसांतील कुत्र्यांचे कॉर्टिसॉल स्वतःच्या घरी राहणाऱ्या कुत्र्यांच्या सुमारे तिप्पट आढळले होते. नवे घर कितीही प्रेमळ असले, तरी आपल्याकडे येणारे कुत्रे अशा अवस्थेतून गेलेले असते.

वर्दी थांबण्यासाठी लाडांपेक्षा अधिक उपयोगी पडतो तो अंदाज. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी १९७० च्या सुमारास उंदरांना सारखेच विजेचे धक्के दिले. काहींना धक्क्याआधी इशाऱ्याचा आवाज ऐकू येई, तर इतरांना आवाज आणि धक्का यांचा मेळच लागत नसे. वेदना समान असूनही दुसऱ्या गटाच्या जठरात कितीतरी अधिक व्रण झाले. म्हणूनच नव्या कुत्र्याचे भांडे रोज त्याच जागी, त्याच वेळी ठेवावे, फिरण्याचा रस्ता काही आठवडे बदलू नये, आणि जिथे त्याला कोणीही ओढून बाहेर काढणार नाही असा एक आडोसा त्याला द्यावा. पाहुण्यांना बोलावून कौतुकाने त्याला हातोहात फिरवणे नेमके याच्या उलट आहे.

पहिल्या काही रात्री असे कुत्रे कधीकधी हेल काढून रडते, आणि लगेच कोणीतरी अपशकुनाचा विषय काढते. कुत्र्याच्या रडण्याला कोणाच्या मृत्यूची चाहूल लागत नाही. दुरावलेल्या सोबत्यांना दिलेली ती हाक असते, आणि एवढ्यावरून जनावराला परत पाठवणे ही निव्वळ क्रूरता आहे.

रुळायला लागणारा वेळ केसांतूनही मोजता येतो, कारण वाढत्या केसांत कॉर्टिसॉल साठत जाते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांना निवाऱ्यात सहा आठवडे राहिलेल्या कुत्र्यांच्या केसांत ते वाढलेले दिसले, आणि दत्तक गेल्यानंतर सहा महिन्यांनी ते निवाऱ्यात येतेवेळच्या पातळीजवळ परतलेले आढळले. आमची कुत्री टेबलाखालून तिसऱ्या दिवशी बाहेर आली. पण घरात सगळे जागे असताना, दिव्याच्या उजेडात, पाठ आमच्याकडे करून निर्धास्त जेवू लागली ती पाचव्या महिन्यात.