कुरकूर वेगळी, गाऱ्हाणं वेगळं

घरातलं माणूस गेलेलं असतं, किंवा नोकरी सुटून वर्ष झालेलं असतं, आणि प्रार्थनासभेत एखादी बाई बोलून जाते, "देवानं माझ्याकडे पाठ फिरवलीय." लगेच कुणीतरी मायेनं तिच्या हातावर हात ठेवून सांगतं, "असं बोलू नये ताई. कुरकूर केली म्हणून इस्राएल लोकांचं अरण्यात काय झालं, ठाऊक आहे ना?" वर फिलिप्पैकरांस पत्रातलं २:१४, 'सगळं कुरकूर न करता करा', ऐकवलं जातं. बाई गप्प बसते आणि तिचा विश्वास वाचला असं बाकीच्यांना वाटतं. या समजुतीचा मला वीट आलाय. बायबल ज्याबद्दल शिक्षा सांगतं ते आणि बायबल जे गायला लावतं ते, या दोन गोष्टी इथे एकाच पोत्यात भरल्या जातात.

कुरकूर काय असते हे संडे स्कूलपासून सगळ्यांना पाठ आहे. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात म्हणत: पाणी नाही, मांस नाही, रोज तोच मान्ना (आकाशातून पडणारं अन्न), आमचा पुढारी मोशे, त्यानं आम्हाला इथे मरायला आणलं. गाऱ्हाणं म्हणजे स्तोत्र १३, २२, ८८, यिर्मया संदेष्ट्याचा २०वा अध्याय आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या तोंडचे कितीतरी अध्याय. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश याच जातीची आहेत, हे मात्र कोणी शिकवत नाही.

दोन्हींत रडणं असतं, त्यामुळे अश्रूंवरून काही ठरत नाही. शब्दांच्या धारेवरूनही नाही. उलट गाऱ्हाण्याचे शब्द बहुतेक वेळा जास्त झोंबणारे असतात. "तू मला फसवलंस," असं यिर्मया थेट परमेश्वराला म्हणतो. देवाच्या तोंडावर इतकं तिखट तर अरण्यात कुरकूर करणारे बोलले नव्हते.

खरा फरक बघायचा तर बायबलातल्या गणना पुस्तकाचा ११वा अध्याय एका बैठकीत वाचा. त्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, तरी आपण मांस मागणाऱ्या लोकांवर प्रवचन करून अध्याय मिटतो. लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडताहेत. मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या होत्या, खरबुजं, कांदे, लसूण होता. (गुलामीतलं जेवण आठवतं, विटा विसरतात.) परमेश्वर त्यांच्यामध्येच आहे, ते रडणं त्याच्या कानावरही जातं, पण त्याच्याशी एक अक्षर कोणी बोलत नाही. आता मोशे बघा. त्याचंही डोकं फिरलंय. तो परमेश्वराकडे वळतो आणि विचारतो: तू तुझ्या सेवकाला असं का छळतोस? या लोकांना मी जन्म दिला का? तू ह्यांच्या पूर्वजांना शपथ देऊन कबूल केलेल्या देशात मी ह्यांना तान्ह्या मुलासारखं उराशी धरून न्यायचं का? एकट्याला हा भार झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक.

इथे थांबा. लोकांच्या रडगाण्यात मिसर आहे, मोशेच्या भांडणात वचन आहे. ज्या शपथेवर देवानं त्यांना बाहेर काढलं, तीच शपथ तो देवाच्या पुढ्यात टाकतो. त्याला धीर नाही, आनंद नाही, जगण्याची इच्छासुद्धा नाही, पण वचन कोणी दिलंय हे तो विसरलेला नाही आणि तक्रार त्याच पत्त्यावर नेतोय. गाऱ्हाणं ते हेच. म्हणून निराश माणसाचा विश्वास त्याच्या सुरावरून मोजू नका, तो कोणाकडे तोंड करून बोलतोय ते बघा.

उत्तरंही वेगवेगळी मिळतात. लोकांना लावे पक्षी मिळतात आणि त्यांच्या पाठोपाठ मरी येते. मोशेला भार वाटून घ्यायला ७० वडील मिळतात. वडिलांचं हे आश्वासन मिळाल्यावरही तो शंका काढतो: पायदळच सहा लाख, इतक्यांना महिनाभर मांस आणणार कुठून? या शंकेबद्दल त्याला शिक्षा होत नाही. परमेश्वर उलट विचारतो, "परमेश्वराचा हात तोकडा झाला आहे काय?" देवाच्या सामर्थ्याबद्दलचं हे वाक्य आपण भिंतीवर लावतो, पण ते एका थकलेल्या माणसाच्या अविश्वासू वाटणाऱ्या प्रश्नाला आलेलं उत्तर आहे.

कोणी म्हणेल, मोशेला पुढे शिक्षा झालीच की, तो वचनदत्त देशात गेलाच नाही. बरोबर, पण ती गणनेच्या २०व्या अध्यायात. तिथे तो देवाशी भांडत नाही, लोकांवर ओरडतो: "अहो बंडखोरांनो, आम्ही तुमच्यासाठी ह्या खडकातून पाणी काढायचं काय?" आणि खडकाशी बोलायचं सोडून त्यावर दोनदा काठी मारतो. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही," हे शब्द त्याला तिथे ऐकावे लागतात. "मला मारून टाक" म्हणाला तेव्हा ते ऐकावे लागले नव्हते.

ईयोबाच्या मित्रांचंही तेच. सात दिवस सात रात्री ते जमिनीवर गप्प बसले, तेवढं चांगलं केलं. मग देवाबद्दल अध्यायच्या अध्याय बोलले. देवाशी एकदाही नाही. शेवटी परमेश्वर त्यांच्यातल्या अलीफजाला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब ह्याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या दिल्या म्हणून तिची भक्ती आटली असं मराठी माणूस कधी म्हणत नाही; चर्चमध्ये शिरल्यावर हाच कान बहिरा का होतो, कळत नाही.

यिर्मया २९:११ हे बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेल्या पत्रातलं वचन; त्याचं तर मी सुबक अक्षरांतलं पोस्टर बघूच शकत नाही. "हिताचे संकल्प" फ्रेममध्ये, आणि त्याच्याच वरचं १०वं वचन, बाबेलची ७० वर्षं, कापून टाकलेलं. दोन वर्षांत सगळं परत येईल असं सांगणारा हनन्या होता, आणि तो खोटा संदेष्टा ठरला. वचन खरं होतं, पण ज्यांच्या हाती ते पत्र पडलं त्यातले बरेचजण परदेशातच मरणार होते. इतकी वर्षं वचन धरून ठेवायचं तर "हे परमेश्वरा, कोठवर?" असं विचारता आलंच पाहिजे. हसतमुख राहून ते होत नसतं.

आणि एलीया संदेष्टा? मरण मागून झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूतानं त्याला वचनं ऐकवली नाहीत. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेणं याच ओळीत बसतं.

पाळकांना माझी एकच विनंती आहे. उपासनेत एखाद्या रविवारी स्तोत्र ८८ पूर्ण वाचा, अंधारात संपणारं ते शेवटचं वचनसुद्धा. आणि त्यामागून घाईघाईनं दिलासा देणारं २३वं लावू नका.