दोन विसावे: एक शब्बाथाचा, एक कोठारवाल्याचा

रविवारी उपासना सुटली की मी तासभर मुलांचा वर्ग घेतो. वास्कोत आम्ही मराठी प्रॉटेस्टंट मोजकीच घरं. वर्गाला आम्ही शब्बाथशाळा म्हणतो. शब्बाथ म्हणजे बायबलातला आठवड्याच्या विसाव्याचा दिवस. हा वडिलांनी नगरहून येताना ट्रंकेत घालून आणलेला शब्द, गोव्यात येऊनही सुटला नाही. शेजारचे कॅथलिक लोक मिसाला जातात, त्यांची प्रार्थना कोंकणीतून, आमची मराठीतून.

गेल्या महिन्यात बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली कोठारांची गोष्ट सांगत होतो. एका धनवानाच्या जमिनीला भरघोस पीक येतं. ठेवायला जागा नाही, म्हणून तो ठरवतो की जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची आणि मग आपल्या जिवाला म्हणायचं, "विसावा घे, खा, पी, आनंद कर." त्याच रात्री देव त्याला मूर्ख म्हणतो, कारण जीव तर आजच मागून घेतला जाणार आहे. गोष्ट संपली, मी चहाकडे डोळे लावून बसलो, तर सातवीतली एक पोरगी फळ्याकडे बोट करून म्हणाली, "अंकल, पण हे?"

फळ्यावर आदल्या रविवारचं वचन माझ्याच अक्षरात तसंच होतं: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." मत्तय, अध्याय 11. विसावा इकडेही, विसावा तिकडेही. एक येशू स्वतः देतो, दुसरा घेणाऱ्याला देव मूर्ख ठरवतो.

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. वाटलं, भाषांतरकारांनी एकच शब्द दोनदा वापरला असेल. घरी येऊन पाहिलं, तर मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे 'अनापाउओ' हे एकच क्रियापद आहे. म्हणजे भाषांतरावर ढकलायची सोय नाही. शब्दावरून हे दोन विसावे वेगळे काढताच येत नाहीत, त्यांच्या आजूबाजूला कोण आहे ते पाहावं लागतं.

कोठारवाल्याच्या आजूबाजूला कोणी नाही. गोष्ट पुन्हा वाचून पाहा. माणूस स्वतःलाच विचारतो, स्वतःलाच उत्तर देतो, नंतर स्वतःच्या जिवाशी गप्पा मारतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. वाक्याची सुरुवात मात्र 'जमिनीला पीक आलं' अशी आहे, पिकवणारी जमीन. पेरणारे, कापणारे, पोती वाहणारे गडी या गोष्टीत नाहीतच, आणि एवढी कोठारं पाडून बांधणार तरी कोण? आपल्या गोव्यात हा माणूस ओळखायला वेळ लागत नाही. लांब हातांच्या आरामखुर्चीत पाय टाकून बसलेला भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्याच भाटात झोपडी घालून राहिलेला, उद्या उठ म्हटलं तर उठावं लागणारा मुंडकार. त्याला उठवता येऊ नये म्हणून 1975 साली कायदा करावा लागला. सगळेच भाटकार तसे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण विसाव्याचं ते चित्र तसंच होतं: एकाने खुर्चीत बसायचं आणि दहांनी उन्हात राहायचं.

ही गोष्ट निघाली कशावरून, तेही गोवेकराने बघण्यासारखं आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, "माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा." म्हणजे प्रकरण वडिलोपार्जित मालमत्तेचं. ज्यांच्या घरात इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा, दावा वर्षानुवर्षं चालला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. येशू वाटणी करून द्यायला साफ नकार देतो. मला तुमचा न्यायाधीश कोणी केलं, असं विचारतो आणि मग लोभाबद्दल सावध करून ही गोष्ट सांगतो. लोभाला तिथे जो ग्रीक शब्द आहे, प्लेओनेक्सिया, त्याचा सरळ अर्थ 'आणखी असणं'. चोरी नाही, लबाडी नाही. कोठारवाल्याने कोणाला फसवल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. त्याला फक्त आणखी हवं होतं, आणि त्या 'आणखी'ला त्याने विसावा हे नाव दिलं होतं.

आता शब्बाथ.

दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात आणि शब्बाथाचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलं आहे. निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात म्हटलं आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात कारण एकदम खाली, मातीवर येतं: तुम्ही मिसर (इजिप्त) देशात गुलाम होता, हे आठवा. आणि मग यादी आहे: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका. दासदासींना तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा, असं वर स्पष्ट बजावलं आहे. आपल्याकडे बैलाला वर्षाकाठी एक पोळा मिळतो, इथे आठवड्याला एक.

मिसरात हे इस्राएली लोक काय करत होते? निर्गमाचा पहिलाच अध्याय सांगतो की मिसरचा राजा फारो याच्यासाठी पिथोम आणि रामसेस ही कोठारांची शहरं बांधत होते. सण पाळायला रानात जाऊ द्या म्हटलं तर फारो त्यांना आळशी ठरवतो, विटांत घालायचं गवत बंद करतो आणि विटांचा आकडा तेवढाच ठेवतो. सुटी मागणाऱ्याला कामचुकार म्हणण्याची पद्धत इतकी जुनी आहे. येशूसमोरच्या यहुदी गर्दीने 'मोठी कोठारं बांधीन' हे शब्द ऐकले तेव्हा त्यांना फारो आठवला असेल का? मला वाटतं, आठवला असणार.

साठवणं हेच पाप, असं मात्र यातून काढू नका. उत्पत्ती या पुस्तकात मिसरचा कारभार पाहणारा योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरतो आणि दुष्काळात त्याच धान्यावर लोक जगतात. कोठार तेच, फक्त त्याचं दार कधीतरी उघडतं.

या दोन विसाव्यांतला फरक सगळ्यात जवळून दिसतो तो मान्नाच्या गोष्टीत, निर्गम 16. रानात भुकेलेल्या लोकांना सकाळी जमिनीवर पांढरं, दहिवरासारखं बारीक अन्न मिळतं. नियम असा की माणशी एक ओमर गोळा करायचं. ओमर म्हणजे ढोबळ मानाने दोन लिटरचं माप. ज्याने जास्त गोळा केलं त्याला जास्त उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. काहींनी तरी सकाळपर्यंत राखून ठेवलंच. त्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, सातव्या दिवसासाठी राखायचं, तेव्हा मात्र ना कीड ना वास. आणि सातव्या दिवशीही काही जण पिशव्या घेऊन बाहेर पडलेच! हात हलवत परत आले. मला ही माणसं फार ओळखीची वाटतात. तीच साठवण, तोच डबा. उद्याच्या भीतीने भरला तर नासतो, सर्वांनी एकदम थांबायचं म्हणून भरला तर टिकतो.

म्हणूनच तिथे विश्रांतीचा आणि देण्याचा नियम वेगळा काढता येत नाही. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचं ते जमीन ताजी व्हावी एवढ्यासाठी नव्हे, आपोआप उगवेल ते गावातल्या गरिबांनी खावं आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी, असं निर्गम 23 सांगतो. त्याच सातव्या वर्षी देणंही माफ करायचं. इथे नियमकर्त्याला माणसाची जात पक्की माहीत आहे. अनुवाद 15 मध्ये तो आधीच बजावतो, सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडू नकोस. हात आखडलेच. पुढे हिल्लेल नावाच्या यहुदी गुरूला 'प्रोसबूल' नावाचा दस्तऐवज काढावा लागला. कर्ज न्यायसभेकडे सोपवायचं, म्हणजे ते बुडत नाही आणि गरजूला उसनंही मिळतं. पळवाट खरी, पण गरिबाच्या बाजूची.

पंचाईत होते ती तिसऱ्या प्रकाराशी. दुकान बंद, हात स्वस्थ, दिवस अगदी पाळलेला, आणि आतून मात्र कोठारवाला. आमोस संदेष्टा आठव्या अध्यायात धान्याच्या व्यापाऱ्यांचं मनातलं बोलणं उघड्यावर आणतो: हा शब्बाथ कधी एकदा सरतो, म्हणजे गहू विकायला काढू, माप लहान करू, वजन जड करू. हे लोक नियम मोडत नाहीत. ते नुसते वाट बघत बसलेत.

नहेम्याच्या शेवटच्या अध्यायात तर मासळीच आहे. सोर शहराचे व्यापारी यरुशलेमेत शब्बाथाच्या दिवशी मासे विकायला आणत. तिथला कारभारी नहेम्या याने वेशी लावून घेतल्या, तरी ते एकदोनदा तटाबाहेर मुक्काम ठोकून राहिले. त्याने दम दिला तेव्हा गेले.

आमच्या शब्बाथशाळेच्या नावातच एक घोळ आहे, तो उरकून घेतो. शब्बाथ म्हणजे शनिवार, किंबहुना शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. पोर्तुगीजमध्ये शनिवारला आजही 'साबादु' म्हणतात. ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाचा म्हणून रविवार पाळू लागले, आणि सम्राट कॉन्स्टंटाईनने 321 साली तो रोमी साम्राज्यात सुटीचा केला. शेतकऱ्यांना मात्र त्यातून वगळलं. म्हणजे विसाव्याच्या यादीतून नांगरवाला पुन्हा बाहेर! मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, अध्याय 16. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी. ख्रिस्ती रविवाराच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि त्यात ना उपदेश आहे ना गाणी. नुसती वर्गणी.

आणि मराठी माणसाचा रविवार? तो चर्चमधून आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून 10 जून 1890 रोजी तो मिळवला. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांच्या कामगारांवरच्या परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आला. लोखंडे सत्यशोधक होते, रविवार त्यांनी खंडोबाचा वार म्हणूनही मागितला. पण दासदासींची ती यादी त्यांच्या हाती दिली असती तर त्यांनी खाली सही केली असती.

राहिलं सुशेगाद. बाहेरचे लोक गोव्याच्या दुपारला आळस म्हणतात, आणि जाहिरातवाल्यांनी तर त्याचा टी-शर्ट करून टाकला. मूळ पोर्तुगीज शब्द सोसेगादु, म्हणजे निवांत, शांत. दुपारी एकनंतर दुकानाची फळी पडते तेव्हा मालक जेवतो, नोकर जेवतो, दारातलं कुत्रंही सावलीत आडवं होतं. ही सुशेगाद मला शब्बाथाची मावसबहीण वाटते. रिसॉर्टच्या जाहिरातीतली सुशेगाद मात्र कोठारवाल्याची. पाहुणा खुर्चीत पसरलेला, आणि त्याच्या पेल्यातली फेणी ज्याच्या हातची, तो माणूस चित्रात नाही. माडाच्या रेंदेराला, म्हणजे माडी काढणाऱ्याला, तर दिवसातून तीनदा माडावर चढावं लागतं. सकाळी-संध्याकाळी सूर, म्हणजे फेणीची माडी, काढायला, दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला. एक दिवस चुकवून चालत नाही.

त्या मुलीला पुढच्या रविवारी यातलं बरंचसं सांगितलं. तिने वहीत यादी उतरवून घेतली, बैल-गाढवासकट, आणि विचारलं, "मग आज कोणाकोणाला सुटी नाही?" मुलं ओरडायला लागली: बसवाला, नर्स, पाववाला पोदेर, पेट्रोल पंपावरचा दादा, मम्मी.

मासेवाली कोणी म्हणालं नाही. मला मात्र ती आठवली, कारण उपासनेआधी सकाळी मी तिच्याकडेच होतो. रविवार म्हणजे तिच्याकडे सगळ्यात गर्दी, हिंदूंचीही, ख्रिस्तावांचीही. ती बांगडे साफ करत होती तेव्हा मी सहज म्हटलं होतं, जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तुला आरामच. 1 जून ते 31 जुलै, समुद्राचा पडीक काळ. तिने खवलं झटकली आणि म्हणाली, "बंदी दर्याक, म्हाका न्हय." त्या दोन महिन्यांत ती सुके बांगडे आणि सुंगटं (कोळंबी) घेऊन पावसात त्याच जागी बसते.

वाट्याचे तिने दोनशे सांगितले होते. मी एकशे ऐंशी दिले आणि वर्ग घ्यायला गेलो.