छाप सांगलीची, नोंद परदेशातली

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद पाकिटात भरून दुबईला जाते, तेव्हा तिच्याबरोबर पाकिटावरची छापही जाते. त्या छापेवरचा हक्क मात्र बंदरापाशीच थांबतो. मुंबईच्या कार्यालयात नोंदलेला ट्रेडमार्क भारतापुरता असतो. परदेशात तेच नाव दुसऱ्या कुणी आधी नोंदवलं, तर आपलीच पाकिटं तिथे अडू शकतात.

कायद्याला हद्द असते, हे आपल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागलं नसतं. सांगली स्वतः संस्थान होतं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तीही औंध संस्थानात. ब्रिटिश हद्दीतला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. आणि ब्रिटिश हद्दीत तरी काय होतं? १८८९ चा कायदा खोटी छाप मारणाऱ्याला शिक्षा देई, पण छाप नोंदवायची वहीच नव्हती. मग व्यापारी दस्तनोंदणीच्या निबंधकाकडे मालकीचं घोषणापत्र नोंदवत, वर्तमानपत्रात जाहीर सूचना देत, आणि भांडण झालंच तर इतकी वर्षं ही छाप आपणच वापरतो हे कोर्टात साक्षीपुराव्याने सिद्ध करत. किर्लोस्करांचा नांगर आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी ओळखीचे झाले ते याच काळात. नोंदणीचा कायदा आला १९४० मध्ये.

युरोपात हा विचार बराच आधी सुरू झाला होता. १८७३ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचं होतं, पण कल्पना चोरीला जातील या भीतीने परदेशी कारखानदार यायला कचरत होते. त्यातून चर्चा वाढत गेली आणि १८८३ मध्ये अकरा देशांनी पॅरिस करार केला. त्यातली एक तरतूद मला आजही सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या देशात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला, तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. भारत या करारात आला ७ डिसेंबर १९९८ ला, म्हणजे तब्बल ११५ वर्षांनी.

तारखेचा प्रश्न असा सुटला, तरी देशागणिक वेगळा अर्ज, वेगळा वकील आणि वेगळी फी राहिलीच. एकाच अर्जात अनेक देश मागता यावेत म्हणून १८९१ मध्ये माद्रिद करार झाला. त्याखाली १८९३ मध्ये नोंदलेलं लाँजिन घड्याळाचं चिन्ह आजही चालू आहे. पण कारभार फक्त फ्रेंचमध्ये, आणि आधी मायदेशी नोंदणी पूर्ण झालेली हवी. त्यामुळे ब्रिटन, अमेरिका बाहेरच राहिले. १९८९ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे त्याच्या जोड-कराराने, इंग्रजीला जागा दिली आणि मायदेशी नुसता अर्ज असला तरी चालेल असं ठरवलं. भारतात तो ८ जुलै २०१३ पासून लागू झाला. अमिराती त्यात आल्या २८ डिसेंबर २०२१ ला. आखाताकडे माल धाडणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अर्ज आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीमार्फत जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो. मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, रंगीत चिन्हाला ९०३, शिवाय प्रत्येक देशाची निराळी. नोंदणीसाठी पाडलेले मालाचे वर्ग जगभर जवळपास सारखेच आहेत. हळद तिसाव्या वर्गात, बेदाणा एकोणतिसाव्यात, ताजी द्राक्षं एकतिसाव्यात. तासगावचा बागायतदार एकाच नावाने द्राक्षंही विकतो आणि बेदाणाही, त्याला दोन वर्ग लागतात. जिनिव्हात नोंद झाली म्हणजे काम फत्ते, असा समज मात्र काढून टाकायला हवा. प्रत्येक देश आपल्या कायद्याने नाव तपासतो आणि बारा किंवा अठरा महिन्यांत नकार देऊ शकतो.

सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण ते साऱ्या मुलखाचं, एका दुकानाच्या नावाला त्याचं संरक्षण नाही.

आणखी एक गाठ आहे, ती अनेकांना उशिरा कळते. पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंद मूळ भारतीय अर्जावर टेकलेली असते. अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. त्यात मूळ अर्ज पडला, तर त्याच्या आधारावर मागितलेले सगळे देश एकदम हातचे जातात. मग तीन महिन्यांत त्या त्या देशात स्वतंत्र अर्ज केला, तरच जुनी तारीख टिकते. म्हणजे शेजारच्या पेठेतल्या व्यापाऱ्याशी नावावरून चाललेला वाद इथे मिटला नाही, तर त्याचा फटका दुबईतल्या नोंदीलाही बसतो.